बागलाणचे गड : किल्ले की देवस्थाने?

(द्वितीय वर्ष कला, इतिहास विभाग)

इतिहासाच्या पुस्तकांत 'किल्ला' आणि 'गड' हे शब्द आपण एकाच अर्थाने वाचतो. किल्ला हा अरबी-फारसीतून आलेला, गड हा आपला देशी, एवढाच काय तो फरक, असे आपण धरून चालतो. आमच्या बागलाण-कळवणच्या बोलण्यात मात्र तसे नाही. आमच्याकडे कोणी "गडावर चाललो" म्हणाला, तर तो तटबुरूज पाहायला निघाला असे कोणाच्याही मनात येत नाही. तो सप्तशृंगीच्या दर्शनाला निघालेला असतो. लढाऊ किल्ला म्हणून सप्तशृंगीचे नाव कोणी घेत नाही, तरी तो गड. जेजुरीच्या खंडोबाचे देऊळ गडावर. पाथर्डी तालुक्यातील भगवानगड तर विसाव्या शतकातला, त्याने तोफ पाहिलेली नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव करणारे आमच्याकडचे कोकणा आणि भिल्ल बांधव ज्या डोंगरकपारीपाशी रात्री पूजेला जातात, त्या जागेलाही गडच म्हणतात. म्हणजे लोकांच्या लेखी गड ही आधी देवाची जागा आहे. शिबंदी तेथे मागाहून आली.

लोकांचे हे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, गडाच्या पायऱ्या मात्र सगळेच चढले आहेत. त्यामुळे या विषयाची थोडी घरची शिदोरी माझ्याजवळ आहे, असे म्हटले तरी चालेल.

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात डोंगरांच्या दोन रांगा आहेत. दक्षिणेला सातमाळा, तिच्यात सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या, धोडप. उत्तरेला सेलबारी-डोलबारी, तिच्यात साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड आणि मांगी-तुंगी. सुरतेच्या बंदराकडून दक्षिणेत येणारा माल या मुलखातल्या खिंडींतून येई. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण घेईपर्यंत येथे बागुल राजांचे राज्य होते. रुद्रकवीने १५९६ मध्ये रचलेले 'राष्ट्रौढवंशमहाकाव्य' हे संस्कृत काव्य याच घराण्याचे आहे, आणि त्यातला मयूरगिरी म्हणजे आमचा मुल्हेर. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज परतले ते बागलाणातूनच, आणि १७ ऑक्टोबरला मोगलांशी त्यांची गाठ पडली ती वणी-दिंडोरीच्या मैदानात. या वणीच्याच माथ्यावर सप्तशृंगी आहे.

हा योगायोग नसावा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात पुणे, जुन्नर, कार्ले या भागांतली देवीची ठाणी पायी फिरून तपासली आणि ती जुन्या वाटा जेथे मिळतात तेथे आढळतात, असे दाखवले. घाट चढून आलेला व्यापारी, गुरे घेऊन फिरणारा धनगर, सगळेच देवीपुढे नारळ ठेवून पुढे जात. वाटेवर नजर ठेवण्यासाठी जो डोंगर सोयीचा, तोच किल्ल्यालाही सोयीचा. कोसंबींचे हे सूत्र वणीला लावले तर नीट बसते.

साल्हेरला मात्र बसत नाही. साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. कळसूबाईच्या शिखराखालोखाल त्याचाच क्रम. माथ्यावर परशुरामाचे छोटे देऊळ आणि पादुका आहेत. तेथे कोणाची वाट जात नाही, मुद्दाम जावे लागते. जिंकलेली पृथ्वी दान दिल्यावर परशुरामाला राहायला जागा उरली नाही, तेव्हा त्याने येथून बाण मारून समुद्र मागे हटवला, अशी कथा आमच्याकडे सांगतात. समुद्र हटवल्याची कथा कोकण किनाऱ्यावरही सांगतात, हे खरे. पण पावसाळा सरल्यावर माथ्यावर उभे राहून पश्चिमेला पाहिले, डोंगर उतरत उतरत गुजरातेकडे नाहीसे होताना दिसले, की ही कथा येथे कोणाला सुचली असेल याचे नवल वाटत नाही.

तरीही केवळ उंचीने देव वर गेला असे मला वाटत नाही. साल्हेर चढताना कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे लागतात. ते संपले की मोठे पठार येते आणि तेथे गंगासागर तलाव. काठाला रेणुकेचे देऊळ, बाजूला कोरलेल्या गुहा. उन्हाळ्यात खालच्या वाड्यांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालतात, आणि इतक्या उंचीवर पाणी! जेथे पाणी तेथे रेणुका, आणि जेथे पाणी तेथेच शिबंदी राहू शकते. देव आणि किल्लेदार दोघेही एकाच टाक्याचे पाणी प्याले. १६७१ मध्ये साल्हेर स्वराज्यात आला. पुढच्याच वर्षी मोगलांनी त्याला वेढा घातला, आणि मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी पायथ्याच्या मैदानात त्यांचा पराभव केला. मोगलांशी उघड्या मैदानात जिंकलेली ही फार मोठी लढाई. आपल्या अभ्यासक्रमात साल्हेर येतो तो एवढ्यापुरताच.

आता मार्कंड्याकडे वळू. हा डोंगर सप्तशृंगीच्या अगदी समोर, मध्ये एक खिंड. मार्कंडेय ऋषी या डोंगरावर बसून सप्तशतीचा पाठ करीत, आणि तो ऐकण्यासाठी देवीने मान किंचित कलती केली, अशी श्रद्धा आहे. मूर्तीची मान तशी आहेही. माझी आजी सोमवती अमावास्येला मार्कंड्यावर जाई. त्या दिवशी तेथे जत्रा भरते. हा किल्ला होता, मोगलांनी तो १६३६ च्या मोहिमेत घेतला, हे तिला ठाऊक नव्हते, आणि त्याने तिचे काही अडले नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी या भागातल्या अनेक किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या तोडल्या. हेतू सरळ होता : कोणी पुन्हा वर जाऊन बसू नये. सैन्याच्या दृष्टीने किल्ला तेथे संपला. पण वाट संपली नाही, कारण वाटेला दुसरेही धनी होते. सोमवतीला मार्कंड्या चढणाऱ्यांनी तुटलेल्या जागी पावठ्या शोधल्या, म्हाताऱ्यांना हात देऊन वर ओढले. मी गेल्या दोन सुट्ट्यांत मुल्हेरच्या बाजूला फिरलो तेव्हा हीच गोष्ट उलट बाजूने दिसली. मुल्हेरवर सोमेश्वर आणि गणपती आहेत, तेथली वाट मळलेली. शेजारच्या हरगडाची वाट मात्र गुराख्याला विचारल्याखेरीज सापडेना. मांगी-तुंगीवर तर लेण्यांतल्या तीर्थंकरांमुळे देशभरचे जैन यात्रेकरू येतात. २०१६ मध्ये ऋषभदेवाची १०८ फुटी मूर्ती झाल्यापासून त्यांची वर्दळ आणखी वाढली. तिकडे पायऱ्या शाबूत आहेत.

यावर वर्गातल्या चर्चेत एक आक्षेप निघाला, तो डावलण्याजोगा नाही. भाविकांनीच जुन्या वास्तूंची रया घालवली, शेंदूर थापला, ऑइलपेंट दिला, फरशा बसवल्या, असे एका मित्राचे म्हणणे. ते खरे आहे. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप २०२२ मध्ये काढला, तो सुमारे अकराशे किलो भरला, आणि आत देवीचे वेगळेच रूप निघाले. पण हे लक्षात घ्यावे की त्या लेपाखाली मूर्ती सुरक्षित राहिली. ज्या टाक्याकाठी कोणी दिवा लावत नाही, तेथली शिल्पे उन्हापावसाने झिजून गेली, आणि त्याबद्दल कोणाला बोलही लावता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत साल्हेर आहे. या बारांपैकी शिवनेरीवर शिवाई, प्रतापगडावर भवानी, रायगडावर जगदीश्वर, साल्हेरवर परशुराम. ही मान्यता मिळाली ती मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेसाठी, आणि ते योग्यच आहे. आम्हा बागलाणकरांना तिचा अभिमानही आहे. पण आता वर फलक लागतील, पायऱ्यांची डागडुजी होईल, कुठे जावे आणि कुठे जाऊ नये याचे नियम होतील. ते नियम करताना मार्गशीर्षातल्या रात्री पावरी वाजवीत डोंगराला जाणाऱ्या माणसांना कोणी विचारील का? त्यांच्याजवळ सनद नाही, ताम्रपट नाही. भगताच्या तोंडी देवांची आणि डोंगरांची नावे आहेत, ती कोणत्याही बखरीत सापडायची नाहीत. आपल्या इतिहास विभागाने पुढच्या वर्षी प्रकल्पाला विषय शोधायचा झाल्यास तो हाच घ्यावा, अशी मी प्राध्यापकांना विनंती केली आहे : साल्हेर ते सप्तशृंगी या टापूतल्या वाड्यांत जाऊन ही नावे, तिथी आणि वाटा लिहून घेणे. नावे सांगणारे भगत आता साठीच्या पुढचे आहेत, आणि त्यांची नातवंडे माझ्यासारखीच तालुक्याच्या गावी खोली घेऊन शिकत आहेत.