'इमेन्स' म्हणजे अमाप

'इमेन्स' या इंग्रजी शब्दाला आपण सहसा 'खूप मोठा' असा प्रतिशब्द देतो आणि पुढे जातो. परीक्षेत तेवढ्यावर भागते. पण शब्दाचा गाभा हातून निसटतो. 'बिग' आणि 'लार्ज' नुसता आकार सांगतात. 'इमेन्स' मोजणाऱ्याची हार सांगतो.

मूळ लॅटिन शब्द 'इमेन्सुस'. (लॅटिन आपल्याला परकी वाटते खरी, पण तिचे एक नातवंड रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत नांदते. तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेल्या बोलीला 'नॉ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. त्यातील 'लिंग' हा लॅटिन 'लिंग्वा'चाच वंशज.) 'मेतीरी' म्हणजे मोजणे, 'मेन्सुस' म्हणजे मोजलेले. त्याआधी नकारार्थी 'इन्' आला आणि पुढच्या 'म'मुळे त्याचा 'इम्' झाला. संधीचे नियम घोकलेल्यांना याचे नवल वाटू नये. आता संस्कृतकडे पाहा. 'मा' हा मोजण्याचा धातू. 'मित' म्हणजे मोजलेले, 'अमित' म्हणजे न मोजलेले. नकारही एकाच मूळचा आणि धातूही! मात्र यावरून लॅटिन संस्कृतातून निघाली, असे आपल्याकडे उत्साहाने सांगतात, ते खरे नव्हे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडल्याप्रमाणे या भाषांचा उगम समान आहे. नाते बहिणींचे, मायलेकींचे नव्हे.

'मेझर', 'डायमेन्शन' ही याच कुळातली. आपले 'सेमिस्टर'ही बहुधा तिथलेच : 'सेक्स' म्हणजे सहा, 'मेन्सिस' म्हणजे महिना. शेजारी 'षण्मास' ठेवला की दोन्ही तुकडे ओळखीचे वाटतात. चंद्र हे काळाचे जुने माप, म्हणून महिन्याचा शब्दही अनेक भाषाशास्त्रज्ञ मोजण्याच्या धातूशी जोडतात. तिथीवरून भरतीची वेळ काढणाऱ्या आपल्या किनाऱ्याला हे पटायला जड जाऊ नये.

'इनॉर्मस'ची गोष्ट वेगळी. 'नोर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या. जे गुण्यात बसत नाही ते इनॉर्मस. म्हणूनच 'इनॉर्मिटी'ला घोर दुष्कृत्याचा अर्थ आहे.

निबंधात अलिबागचा समुद्र हटकून 'इमेन्स' होतो. कोळी मात्र दोन्ही हात पसरून दोरी मोजतो आणि पाणी किती वाव आहे ते सांगतो. त्या पाण्याला 'डीप' म्हणावे. वाव जेथे पुरत नाहीत, तेथे 'इमेन्स' राखून ठेवावा. इंग्रजी 'फॅदम'चा मूळ अर्थही पसरलेले दोन हात हाच. पण तो शब्द लॅटिन नव्हे, जर्मॅनिक कुळातला.