इंग्रजी धडा : ‘पुष्कळ’ या अर्थाचे शब्द

मराठींत ‘पुष्कळ’ हा एकच शब्द माणसें, धान्य, पाणी व वेळ या सर्वांस चालतो. इंग्रजींत तसें नाहीं. तेथें वस्तु मोजतां येते कीं मापावी लागते, हें आधीं पाहावें.

१. जी वस्तु एक, दोन अशी मोजतां येते, तिला ‘मेनी’ लावावा व नाम अनेकवचनीं ठेवावें. जसें, ‘मेनी बुक्स’. जी मापानें किंवा वजनानें कळते, तिला ‘मच’ लावावा व नाम एकवचनीं ठेवावें. बोलण्यांत ‘मच’ बहुधा प्रश्नांत व नकारांत येतो: ‘देअर इज नॉट मच वॉटर इन द वेल’, म्हणजे विहिरींत फारसें पाणी नाहीं.

२. ‘प्लेंटी ऑफ’ दोन्हींकडे चालतो. क्रियापद मात्र नामाप्रमाणें ठेवावें: ‘देअर आर प्लेंटी ऑफ मँगोज’, ‘देअर इज प्लेंटी ऑफ मिल्क’. हा शब्द ‘भरलेलें’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. गरज भागून उरेल इतकें, असा समाधानाचा भाव त्यांत आहे.

३. ‘अबंडंट’ याच्या मुळाशीं ‘लाट’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणून त्याचा अर्थ ओसंडून वाहणारें. ‘अॅन अबंडंट हार्वेस्ट’ हें लेखांत शोभतें. नित्याच्या बोलण्यांत ‘अ लॉट ऑफ’ पुरे.

४. आतां मुख्य सावधगिरी. आपला ‘फार’ हा शब्द दुहेरी आहे. ‘मुलगी फार हुशार आहे’ ही स्तुति. ‘चहा फार गोड झाला’ ही तक्रार. इंग्रजींत स्तुतीस ‘व्हेरी’ व तक्रारीस ‘टू’ लागतो. ‘वी हॅड प्लेंटी ऑफ रेन’ असें वाचणारा म्हणेल, शेतें पिकलीं. ‘वी हॅड टू मच रेन’ असें वाचणारा म्हणेल, पीक बुडालें. अतिवृष्टीनें नागवलेला शेतकरी पहिलें वाक्य लिहील, तर ज्याच्यापाशीं मदत मागावयाची त्यालाच तो सुकाळाची वार्ता देईल! उलट, उपकारकर्त्यास ‘यू हेल्प्ड मी टू मच’ असें लिहिल्यास त्याची मदत नकोशी झाली, असा अर्थ होईल; तेथें ‘व्हेरी मच’ पाहिजे.

अभ्यास. इंग्रजी करा: (१) आमच्या गांवांत पुष्कळ गाई आहेत. (२) घरांत पुष्कळ तांदूळ आहे. (३) भाजींत मीठ फार झालें. प्रत्येक वाक्य लिहिण्यापूर्वीं आपणांस विचारावें: वस्तु मोजावयाची कीं मापावयाची? आणि बोलणारा संतुष्ट आहे कीं त्रासलेला?