फ्रान्समधील डोंगरवाटा : धावपटूच्या दृष्टीने एक अभ्यास
(द्वितीय वर्ष, कला)

फ्रान्स म्हटले की आपल्यापुढे पॅरिस, आयफेल टॉवर आणि १७८९ ची राज्यक्रांती उभी राहते. परंतु या देशाच्या पोटात एक डोंगराळ, विरळ वस्तीचा मुलूख आहे. मेंढरे, खेचरे आणि यात्रेकरू यांच्या पायांनी पडलेल्या तेथील जुन्या वाटांवरून आज हजारो माणसे हौसेने धावतात. या वाटा कशा झाल्या, त्यांवर धावण्याचा हिशेब कसा मांडावा आणि माणसे निघून गेल्यावरही त्या कशा टिकल्या, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी फ्रान्स पाहिलेला नाही. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात शिकलेले नकाशावाचन आणि आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्रीचा थोडा सराव, एवढ्या शिदोरीवर हा अभ्यास केला आहे.

प्रदेश आणि खडक

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागात मासिफ सेंट्राल हा प्राचीन पर्वतप्रदेश आहे. देशाच्या भूमीचा सुमारे सातवा हिस्सा त्याने व्यापला आहे. त्याच्या दक्षिण कडेला सेव्हेन डोंगर आणि कॉस नावाची पठारे येतात. येथील लोझेर पर्वताची उंची १,६९९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडीच जास्त. आल्प्सच्या मानाने हे डोंगर ठेंगणेच. पण दऱ्या खोल असल्यामुळे सपाट पाऊल क्वचितच पडते.

धावणाऱ्याच्या दृष्टीने येथे तीन प्रकारच्या खडकांना महत्त्व आहे. कॉस पठारे चुनखडीची आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खाली मुरते, त्यामुळे वर वाट कोरडी व कठीण. मात्र मैलोगणती ओढा नाही, झरा नाही. तेथे पाणी बरोबर न्यावेच लागते. लोझेर पर्वत ग्रॅनाइटचा आहे. त्यावर गोल गुळगुळीत धोंडे आणि मध्ये पाणथळ गवताळ जागा आढळतात. सेव्हेनच्या दऱ्या बहुतांशी शिस्ट खडकाच्या आहेत. त्याचे पातळ पत्रे निघतात आणि पावसात त्यावरून पाय घसरतो. एकाच दिवसाच्या दौडीत हे तिन्ही खडक पायाखाली येऊ शकतात. 'खडकांचे प्रकार' हा धडा आपण परीक्षेपुरता पाठ करतो. तेथे तो तळपायाने शिकावा लागतो.

वाटा कोणी पाडल्या?

या वाटांपैकी फारच थोड्या धावण्यासाठी झालेल्या आहेत. सर्वांत जुन्या मेंढपाळांच्या. उन्हाळा आला की दक्षिणेकडील तापलेल्या मैदानांतून कळप डोंगरावर चढत आणि थंडीपूर्वी खाली उतरत. या कळपवाटांना तिकडे 'द्राय' म्हणतात. मेंढपाळीने घडविलेला हा सारा प्रदेश २०११ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविला. दुसऱ्या वाटा खेचरांच्या. चेस्टनट, रेशमाचे कोश व मीठ त्यांवरून जाई. तिसऱ्या यात्रेकरूंच्या. ल पुई गावाहून स्पेनमधील सान्तियागोकडे जाणारी वाट मध्ययुगापासून चालू आहे.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. मी धनगरवाड्यावरून कॉलेजात आलेला आमच्या घरातला पहिलाच मुलगा. माझे वडील आजही दिवाळी सरली की मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाआधी परत घाटावर येतात. त्यामुळे 'द्राय' म्हणजे काय ते मला शब्दकोशात पाहावे लागले नाही.

१८७८ साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा तरुण स्कॉटिश लेखक मॉदेस्तीन नावाच्या गाढवीवर सामान लादून याच मुलखातून बारा दिवस चालत गेला. पुढे 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा तो हाच. त्याच्या या प्रवासाचे पुस्तक १८७९ मध्ये निघाले. त्याची ती वाट आज 'जी. आर. ७०' या क्रमांकाने ओळखली जाते आणि तिच्यावर चालणारेही असतात, धावणारेही.

वाट ओळखावी कशी?

'जी. आर.' ही अक्षरे 'लांब पल्ल्याची पायवाट' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांची आहेत. अशा वाटा आखण्याचे काम १९४७ मध्ये सुरू झाले आणि आज त्यांची एकूण लांबी साठ हजार किलोमीटरांहून अधिक आहे. त्यांची खूण सोपी आहे. झाडावर, दगडावर किंवा खांबावर वर पांढरा आणि खाली तांबडा असे दोन आडवे पट्टे रंगविलेले असतात. ते दिसले की वाट बरोबर. याच दोन रंगांची फुली दिसली की समजावे, ही वाट आपली नव्हे. गावाभोवतीच्या लहान वाटांना एकच पिवळा पट्टा असतो. धावताना मान खाली असते, म्हणून खूण चुकण्याचा संभव चालणाऱ्यापेक्षा अधिक. फाट्यावर वेग कमी करावा, हा पहिला नियम.

चढाचा हिशेब

सपाट मैदानावर सराव करणाऱ्या आपल्यासारख्यांना अंतर तेवढे मोजण्याची सवय असते. डोंगरात ते पुरत नाही. तेथील डोंगरी शर्यतींत एक ठोकताळा रूढ आहे : शंभर मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा एक किलोमीटर धरावा आणि तो मूळ अंतरात मिळवावा.

उदाहरण घेऊ. सेव्हेनमधील व्हालरोग हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटरवर आहे. तेथून एग्वाल शिखरावर (१,५६५ मीटर) जी वाट जाते तिला 'चार हजार पायऱ्या' म्हणतात. नाव पायऱ्यांचे असले तरी बरीचशी ती डोंगरातली पाऊलवाटच आहे. एका बाजूचे अंतर सुमारे दहा किलोमीटर धरू. चढ बाराशे मीटर, म्हणजे आणखी बारा किलोमीटर. एकूण श्रम बावीस किलोमीटरांचे. सपाटीवर सहा मिनिटांत एक किलोमीटर धावणाऱ्याने येथे एक तास नव्हे, तर दोन तास बारा मिनिटे धरावीत.

नकाशावरून हाच चढ काढता येतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचे नकाशे १ : २५,००० प्रमाणाचे असतात, एक सेंटिमीटर म्हणजे अडीचशे मीटर. समोच्च रेषांतील अंतर दहा मीटरांचे असेल तर वाट जितक्या रेषा वर चढत ओलांडते त्यांना दहाने गुणावे. वरील वाटेवर अशा सुमारे १२० रेषा येतील. रेषा दाटल्या की चालावे, विरळ झाल्या की धावावे. चढावर चालण्यात तेथे कोणी कमीपणा मानत नाही. उताराचाही विचार हवा. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि दुसऱ्या दिवशी ठणका लागतो तो मुख्यतः त्यामुळे.

मार्व्हेजॉल ते मांद या दोन गावांमधील सडकेवरची शर्यत १९७३ पासून प्रसिद्ध आहे. तिचे अंतर २२.४ किलोमीटर, म्हणजे अर्ध मॅरेथॉनपेक्षा थोडेच जास्त. पण मध्ये दोन खिंडी चढाव्या लागतात. वरील हिशेब न केलेला धावपटू पहिल्याच खिंडीत दमतो.

ऋतू, कळप आणि शिकारी

शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरील उबदार, दमट हवा सेव्हेनच्या उतारांवर आदळते आणि काही तासांत शेकडो मिलिमीटर पाऊस कोसळतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पाऊस का पडतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावयास नको. अशा दिवशी दरीतली वाट धरू नये. शरद आणि हिवाळा हाच शिकारीचाही हंगाम, म्हणून अंगात भडक रंगाचे कपडे असावेत. कळप दिसल्यास धावणे थांबवावे आणि लांबून वळसा घ्यावा. राखणीचे कुत्रे धावणाऱ्याला शत्रू समजतात. हा शेवटचा नियम मला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

वाट टिकते कशी?

लोझेर जिल्ह्याची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार होती. आज ती पाऊण लाखाच्या आसपास आहे. रेशीमकिड्यांवर रोग पडला, शहरांनी व खाणींनी माणसे ओढून नेली. वापर संपला की वाटेवर झुडपे माजतात, मग कुंपण पडते आणि वाट नाहीशी होते. तेथेही अशा पुष्कळ वाटा गेल्या. उरल्या त्या दोन कारणांनी. एक कायदा. फ्रान्समध्ये ग्रामवाट ही गावाच्या मालकीची असते. २२ जुलै १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने पायवाटांची नोंदवही करावी असे ठरविले. गावाच्या संमतीने त्या नोंदीत आलेली वाट विकावयाची झाल्यास तिच्या बदली दुसरी वाट द्यावी लागते. दुसरे कारण माणसे. हजारो स्वयंसेवक दरवर्षी झुडपे तोडतात आणि पट्टे पुन्हा रंगवितात. धावपटूला वाट फुकट मिळते, कारण दुसऱ्या कोणीतरी ती राखलेली असते.

माझ्या वडिलांच्या वाटेवर दर सालाआड एखादे कुंपण नवे असते. कळपाला मग डांबरी सडकेने, मोटारींच्या मधून जावे लागते. या वाटेचे टप्पे, पाणवठे, मुक्काम वडिलांना तोंडपाठ आहेत. कागदावर मात्र ते कोठेच नाहीत. फ्रान्सचा कायदा आपण उचलून आणावा, असे मी म्हणत नाही. परंतु नोंद असेल तरच हक्क सांगता येतो, एवढा धडा त्यातून निश्चित घेता येईल.

म्हणून भूगोलाच्या विद्यार्थिमित्रांना माझी एक विनंती आहे. येत्या सुटीत आपल्या गावची एक जुनी वाट वडीलधाऱ्यांबरोबर चालून पाहावी आणि तिचे नाव, अंतर, चढ व पाणवठे नकाशावर मांडावेत. मी आमच्या वाड्यापासून घाटमाथ्यापर्यंतचा भाग मांडावयास घेतला आहे. अंतर मोजून झाले. चढ मोजणे अजून बाकी आहे.