रिपोर्टचा फोल्डर हँग झाला तर

मागच्या आठवड्यात मुरूडहून एक काका आले. छातीत जळजळ, आणि काखेत लॅपटॉप. मुंबईच्या तपासण्यांचे सगळे रिपोर्ट मुलाने एका फोल्डरमध्ये भरून दिलेले. काका त्यावर क्लिक करत, गोल चक्र फिरे, खिडकी पांढरी पडे आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. कपाळावर घाम. मी लॅपटॉप मिटला आणि ईसीजीच्या तारा लावल्या. वाचकहो, छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर जुन्या रिपोर्टची वाट पाहू नका. जवळचा दवाखाना गाठा. काकांचा ईसीजी दोनदा काढला, रक्त तपासलं, तेव्हा कुठे ते पित्त निघालं.

मग लॅपटॉपची नाडी धरली. पहिला प्रश्न: आजार फोल्डर दाखवण्यात आहे की डिस्कमध्ये? स्टार्टमधून ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा, ‘डीआयआर’ ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून एक जागा सोडा, तो फोल्डर माउसने ओढून त्या काळ्या खिडकीत टाका आणि एंटर दाबा. काकांची यादी झरझर आली, म्हणजे डिस्क बहुधा बरी होती. विंडोज प्रत्येक फोटो-व्हिडिओचं छोटं चित्र बनवायला जातं; इकोचा एखादा व्हिडिओ अर्धवट कॉपी झालेला असला की तिथेच अडकतं. दुसरा कुठलाही फोल्डर उघडून त्याच्या ‘ऑप्शन्स’मधल्या ‘व्ह्यू’त ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’वर खूण करा. आम्ही केली, फोल्डर उघडला. अर्धवट व्हिडिओ मुलाकडून पुन्हा मागवला.

यादीही अडकली, डिस्कमधून टकटक आवाज आला, तर दुखणं खोल आहे. लोक लगेच ‘चेक डिस्क’ चालवतात. मी म्हणेन, थांबा. मरणाला टेकलेल्या डिस्कला तो ताण सोसत नाही. आधी निघतील त्या फाइल पेनड्राइव्हवर काढा, दुरुस्ती मागाहून. डिस्क बिघडायला आपल्याकडे निमित्तंही आहेत: खारी हवा आणि पावसाळ्यात सारखी ये-जा करणारी लाइट. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर किनाऱ्यावरची कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. तेव्हा पेनड्राइव्हवरचे रिपोर्टही वाचणार कशावर?

पेनड्राइव्हवर घेतलं म्हणून मूळ फाइल लगेच पुसू नका. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आली, तेव्हाही कुलाब्याच्या नोंदी बंद केल्या नव्हत्या. दोन्हीकडे १९०६ पर्यंत नोंदी चालू होत्या, ताळमेळ बसेपर्यंत.

काकांच्या त्या ढिगातलं मला लागलं काय? जुना ईसीजी, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी. जुना ईसीजी सोबत असला की आजचा बदल नवा की जुनाच, हे डॉक्टरला चटकन कळतं. लाइट गेली तरी वाचता यावेत म्हणून हे तीन कागद छापून पिशवीत ठेवा, यादीवर कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे तेही लिहा. मात्र ईसीजीची पट्टी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते, हळूहळू फिकी होते. तिची झेरॉक्स काढा. काका म्हणाले, “लॅमिनेशनच करून टाकतो.” अजिबात करू नका, गरम रोलरखालून ती काळीठिक्कर होऊन बाहेर येते.