अपस्मार आणि स्त्रीरुग्ण : औषधाचा विचार विवाहापूर्वीच

अपस्मार, म्हणजेच फेफरे किंवा मिरगी, असलेल्या मुलीचा विवाह ठरविताना आजार अनेकदा लपविला जातो आणि सासरी गोळ्या बंद पडतात. औषध एकाएकी थांबविल्यास झटके वाढतात व प्रसंगी जिवावर बेततात. वस्तुतः हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची आडकाठी १९९९ च्या दुरुस्तीने दूर झाली आहे.

सोडियम व्हॅल्प्रोएट हे प्रभावी औषध आहे. परंतु गरोदरपणी ते घेणाऱ्या मातांच्या १०० पैकी सुमारे १० बालकांत जन्मजात व्यंग आढळते. एरवी हे प्रमाण २ ते ३ असते. गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच मिटते. तोवर दिवस गेल्याचे बहुधा कळलेलेही नसते. म्हणून लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम यांसारखा पर्याय आणि फॉलिक अ‍ॅसिड यांचा निर्णय आधीच व्हावा. फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो, हेही ध्यानी असावे.

जालना जिल्ह्यातील पालकांना विनंती की, औषध परस्पर बंद करू नये अथवा बदलू नये. मुलीस घेऊन विवाहापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. योग्य औषधोपचारात बहुसंख्य स्त्रिया सुदृढ बालकास जन्म देतात.