उभ्या गाडीतले इथेनॉल

उसाचा रस, मळी किंवा धान्य आंबवून ऊर्ध्वपातनाने काढलेले आणि नंतर जवळजवळ निर्जल केलेले अल्कोहोल म्हणजे इंधनातील इथेनॉल होय. ते २० टक्के प्रमाणात मिसळलेले ‘ई-२०’ पेट्रोल भारतात फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीस आले, आणि २०२५ पर्यंत सामान्य वाहनमालकाला बहुतेक पंपांवर त्यावाचून दुसरे काही मिळेनासे झाले. तक्रारींचा सूर तेव्हापासून मुख्यतः अ‍ॅव्हरेजचा असला, तरी जुन्या गाड्यांच्या बाबतीत येणारा अनुभव असा, की हे इंधन धावत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीला अधिक नडते.

अ‍ॅव्हरेजचा हिशेब तसा सरळ आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के घट येते, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी हाच अंदाज दिला होता. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १४ वर आली तर मेकॅनिकशी भांडण्यात अर्थ नाही. ती १० वर आली असेल तर मात्र इथेनॉलला बोल न लावता बिघाड अन्यत्र शोधावा.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. निव्वळ पेट्रोलच्या टाकीत शिरलेले थोडे पाणी तळाशी साचून राहते, तर इथेनॉल ते स्वतःत सामावून घेते; पण ही क्षमता ओलांडली की पेट्रोलची साथ सोडून इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसते. या क्रियेला प्रावस्था-विभाजन, म्हणजे एकजीव मिश्रणाचे दोन थर होणे, असे म्हणतात. ४० लिटरच्या टाकीत आठ लिटर इथेनॉल असल्याने तळाचा थर काही लिटरांचा होऊ शकतो, आणि इंजिनाकडे जाणारे इंधन नेमके तळाजवळूनच उचलले जाते. चाकरमान्याने कोकणातल्या घरी ठेवलेली, जूनमध्ये झाकलेली आणि थेट गणपतीत सुरू करायला घेतलेली गाडी स्टार्टर फिरूनही दाद देत नाही, त्याचे एक कारण हे असते. हवेतला दमटपणा यात भर घालतो खरा, पण टाकीच्या झाकणाचे कडक झालेले रबर आणि त्यातून झिरपणारे पावसाचे पाणी हा त्याहून मोठा शत्रू, आणि ते रबर बदलण्याचा खर्च किरकोळ असूनही तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत आणखी एक अडचण उद्भवते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला नऊ पटच. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून ई-२० गेले की मिश्रणात हवा जास्त ठरते, पिकअप मंदावतो आणि इंजिन मिसिंग करते. संगणकनियंत्रित इंजेक्शन ही तफावत बऱ्याच अंशी भरून काढते. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीचा फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधील इंधनाची छोटी वाटी, उघडल्यास तळाशी पांढरट भुकटी आढळते. ती बहुधा गंजलेल्या अ‍ॅल्युमिनिअमची किंवा जस्ताची असते. जुन्या प्रकारच्या रबराचे पाइप फुगून मऊ पडतात. शिवाय टाकीतला साचलेला मळ इथेनॉलमुळे सुटत असल्याने ई-२० सुरू केल्यावर फिल्टर ठरल्या मुदतीआधीच बदलणे श्रेयस्कर.

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे सुटे भाग या इंधनाला टिकतील असेच असल्याने हा धोका मुख्यतः त्याआधीच्या गाड्यांना आहे. अशी गाडी पंधरवड्यातून एकदा इंजिन पुरते तापेपर्यंत चालवणे शक्य असेल, तर टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा उरत नाही. ते शक्य नसेल तर टाकी रिकामी करून घ्यावी. अर्धी टाकी सर्वांत वाईट. बंद गाडीच्या टाकीतले थोडे इंधन काचेच्या बाटलीत काढल्यावर त्यात दोन थर किंवा गढूळपणा दिसला, तर वरून ताजे पेट्रोल ओतून किंवा धक्का मारून गाडी सुरू करण्याच्या भानगडीत पडू नये. मेकॅनिककडून संपूर्ण टाकी उपसून, पाइप आणि फिल्टर बदलूनच नवे इंधन भरावे. उपसलेला तळाचा थर पाण्यासारखा दिसला तरी त्यात मुख्यतः अल्कोहोल असते व ते पेट घेते, म्हणून ते गटारात ओतू नये किंवा सुटे भाग धुण्यासाठी गॅरेजमध्ये उघडे ठेवू नये.