जुन्या स्मार्टफोनची निगा

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र घेऊन करावयाची असल्यामुळे स्मार्टफोन हे आता शेतीचे एक अवजारच झाले आहे. ऐन मुदतीत फोन बंद पडल्यास नोंद राहून जाण्याचा संभव असतो. पुष्कळांजवळ जुना व स्वस्त फोन असतो. तो निकामी ठरविण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

चार्जिंग होत नसल्यास : प्रथम केबल बदलून पाहावी, नंतर चार्जर. वारंवार वाकल्याने केबलमधील तार आतल्या आत तुटते व वरून काही दिसत नाही. दोन्ही बदलूनही उपयोग न झाल्यास फोनची खाच पाहावी. तीत धूळ व कापडाचे तंतू दाबून बसतात, त्यामुळे केबलचे टोक पुरते आत जात नाही. फोन बंद करून कोरड्या लाकडी काडीने हा मळ हलकेच काढावा. सुई किंवा तार कदापि घालू नये. भिजलेला फोन पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

बॅटरी लवकर उतरत असल्यास : फोनमधील लिथियम बॅटरी वापराने झिजतेच, परंतु उष्णतेने ती अधिक लवकर झिजते. भर उन्हात, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा उशीखाली फोन चार्ज करू नये. उन्हाळ्यात हे काम सकाळी सावलीत करावे. शक्यतो बॅटरी 20 टक्क्यांखाली उतरू देऊ नये व रोज 100 टक्क्यांपर्यंत भरण्याचा आग्रह धरू नये. फोनची पाठ फुगलेली दिसल्यास वापर तत्काळ थांबवावा. अशी बॅटरी टोचू नये, दाबू नये, उकिरड्यावर किंवा विस्तवात टाकू नये. तिला आग लागू शकते. ती जाणत्या दुरुस्तीकाराकडून बदलून घ्यावी.

जागा भरल्यास : साठवण भरली की नवे छायाचित्र घेता येत नाही. ओटीजी जोडणीने पेनड्राइव्ह लावून जुनी छायाचित्रे व चित्रफिती त्यात उतरवाव्यात. त्या उघडतात याची खात्री केल्यावरच फोनमधून काढाव्यात.

जुना फोन विकत घेताना : आवश्यक ॲप त्यावर प्रत्यक्ष चालवून पाहावे. कॅमेरा व स्थानदर्शन उघड्यावर तपासावे. फार जुन्या फोनना सुरक्षेच्या सुधारणा मिळत नाहीत. म्हणून बँकेचे व्यवहार त्यांवरून करू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नोंदणीपूर्वी गावात एक दिवस ठरवावा आणि चांगली केबल, चार्जर व पेनड्राइव्ह जवळ ठेवून सर्वांचे फोन तपासून द्यावेत. ज्याचा फोन दुरुस्त होण्यासारखा नसेल, त्याची नोंद शेजाऱ्याच्या फोनवरून करून घ्यावी. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. अवजाराच्या दोषामुळे कोणाचेही पीक नोंदीवाचून राहू नये.